सीलबंद काडतुसांचा डबा: उघडू, विकू, की हा छंदच सोडून देऊ?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

एका ताईंनी लिहिलंय. त्या गेली काही वर्षं एकोणिसाव्या शतकातल्या काडतुसांचे जुने डबे जमवतात. पुठ्ठ्याचे छोटे डबे, दारू पेटवणाऱ्या बंदुकीच्या टोप्यांच्या गोल पत्र्याच्या डब्या, काही लाकडी पेट्या, आणि आजवर जमवलेलं सगळं रिकामंच. अलीकडे मात्र त्यांनी एक सीलबंद डबा घेतला. १८७३ च्या विंचेस्टर रायफलसाठीची .४४ ची ५० काडतुसं, लेबल शाबूत, सील न फाटलेलं, हातात घेतला की चांगलाच जड लागतो. विकणारा म्हणाला की सील कधीही तोडू नका, तोडलं की किंमत गेली. दीर म्हणतात की उघडून बघा, आत खडे भरलेले असले तर काय कराल. आणि मिस्टर म्हणतात की घरात लहान मुलं आहेत, जिवंत काडतुसं नकोत, आणि मुळात माणसं मारायच्या सामानाचे डबे घरात हवेत कशाला, सगळंच काढून टाक. त्यात आधी घेतलेल्या एका लाकडी पेटीवरची अक्षरं त्यांना आता फारच नवी वाटायला लागलीयेत. “मी फसले का? डबा उघडू, विकू, की छंदच सोडू?” असं त्या विचारतायत.

उत्तर:

ताई, पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. तो डबा कोरड्या, कुलूप लागणाऱ्या, मुलांचा हात पोचणार नाही आणि गॅस-हीटरपासून लांब असलेल्या जागी ठेवून या. कानाशी धरून हलवून बघू नका, सीलच्या कडेला नख लावू नका, उजेडासमोर धरून आत काही दिसतंय का ते बघायचा मोहही आवरा. झालं? आता निवांत बोलू.

हे सांगायचं कारण असं की जुनं म्हणजे निकामी असा एक समज आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो, आणि काडतुसाच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. त्या काळातली काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण, आणि ती कोरडी राहिली तर शंभर-सव्वाशे वर्षांनीसुद्धा तशीच पेट घेते. तिला पेटवणारी बुडाची टोपी, तिच्यात त्या काळी बहुतेक वेळा पाऱ्याचं फल्मिनेट असायचं, ते तर ठोका बसला की पेटावं म्हणूनच घातलेलं. काही टोप्या काळाच्या ओघात मंदावतात, काही नाही मंदावत, आणि बाहेरून बघून कुठली कशी आहे हे कुणालाही सांगता येत नाही. म्हणून तुमच्या मिस्टरांचा मुद्दा मी पहिल्यांदा घेतेय. त्यातला अर्धा भाग शंभर टक्के बरोबर आहे.

अर्धा अशासाठी म्हणते की त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात बोलून टाकल्यात आणि तुम्ही त्या एकत्रच ऐकल्यात. जिवंत काडतुसं घरात नकोत ही एक गोष्ट, युद्धाशी, शिकारीशी, मारण्याशी नातं असलेल्या वस्तू घरात नकोत ही दुसरी. पहिल्या गोष्टीला तुमच्याकडे खरं तर काही उत्तर नाहीये आणि शोधायचीही गरज नाही, ते मान्य करून टाका. दुसऱ्या गोष्टीला उत्तर आहे, पण ते भांडून द्यायचं नाही. त्याच्याकडे नंतर येते.

आता तुमचे तीन पर्याय. उघडू, विकू, सोडू. या तिन्हींच्या मुळाशी एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, की हा सीलबंद डबा म्हणजे तुमच्या संग्रहाचं शिखर, आधीचे सगळे रिकामे डबे म्हणजे तिथवर चढायच्या पायऱ्या. हे कुणी ठरवलं? विकणाऱ्याने. त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे, सील शाबूत असलं की पैसे जास्त मिळतात हे खरंच आहे. पण तुम्ही तुमच्या पत्रात इतकी वर्षं जमवलेल्या डब्यांबद्दल जे लिहिलंय, कुठल्या लेबलवर कुठलं चित्र आहे, कुठल्या डब्याच्या तळाला कुणीतरी पेन्सिलीने आकडेमोड करून ठेवलीये, त्यातलं एकही वाक्य काडतुसांबद्दल नाहीये. सगळं डब्यांबद्दल आहे. तुम्ही डबे जमवता. काडतुसं जमवणारे लोक वेगळे असतात, त्यांचा अभ्यास वेगळा, त्यांचे परवाने वेगळे, त्यांच्या घरातली साठवणीची सोय वेगळी. नकळत तुम्ही त्यांच्या छंदातली वस्तू विकत घेतलीत आणि आता तिच्यामुळे तुमचा स्वतःचा छंद सोडायची वेळ आलीये असं तुम्हाला वाटतंय.

रिकाम्या डब्याला कमी का लेखायचं तेच मला कळत नाही. या वस्तू टिकाव्यात म्हणून बनवलेल्याच नव्हत्या. अमेरिकन यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, सैनिकांची कागदी काडतुसं दहा-दहाच्या पुड्यांमध्ये यायची, सोबत कागदाच्या नळीत बारा टोप्या, दहाला बारा, कारण घाईगडबडीत एखादी टोपी हातातून पडणारच हे बांधणाऱ्यांना माहीत होतं. वर कागद, त्याला दोरा, आणि अशी एक हजार काडतुसं एका लाकडी पेटीत. कोल्टच्या रिव्हॉल्वरची काडतुसं तर इतकी नाजूक असायची की लाकडाच्या ठोकळ्याला सहा भोकं पाडून एकेका भोकात एकेक ठेवायचे आणि वरून कागद गुंडाळायचे. हा कागद फाडायचा, पुडी फेकायची, पुढे जायचं, त्यासाठीच ते होतं सगळं. त्यामुळे जो कागद, जो पुठ्ठा वापरून झाल्यावरही मागे उरला तो निव्वळ योगायोगाने उरला, कुणीतरी त्यात बटणं ठेवली, खिळे ठेवले, पत्रं ठेवली म्हणून उरला. सीलबंद डबा वापरलाच गेला नाही म्हणून टिकला, रिकामा वापरून झाल्यावरही टिकला. मला विचाराल तर दुसऱ्याची गोष्ट जास्त मोठी आहे.

आणि डबा वाचायला शिकलं की तो खूप बोलतो. अमेरिकन सैन्यासाठी १८७३ साली .४५ ची नवी काडतुसं आली, फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड आर्सेनल या सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात ती बनायची आणि वीस-वीसच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत भरली जायची. पायदळाच्या रायफलच्या काडतुसात ७० ग्रेन (ग्रेन म्हणजे वजनाचं एक छोटं जुनं माप) दारू, घोडदळाच्या आखूड कार्बाइनच्या काडतुसात ५५ ग्रेन, कारण हलक्या आखूड बंदुकीचा धक्का खांद्याला सोसवत नव्हता. म्हणून डब्यावर स्पष्ट छापलेलं असायचं, हा रायफलचा, हा कार्बाइनचा. म्हणजे एका छोट्या रिकाम्या डब्यावरचा एक शब्द वाचून तो पायी चालणाऱ्याच्या खिशात होता की घोड्यावरच्या, हे तुम्हाला आज सांगता येतं. यासाठी आत एकही काडतूस असायची गरज नाही.

आता मिस्टरांचा दुसरा मुद्दा, या वस्तू घरात हव्यातच कशाला. यावर मी तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती त्यांनाही सांगा, पण वाद जिंकायला म्हणून नको, जेवताना सहज बोलतो तशी.

२२ जानेवारी १८७९ ला दक्षिण आफ्रिकेत इसांडल्वाना इथे झुलू सैन्याने इंग्रजांच्या छावणीचा पार धुव्वा उडवला. इंग्रजांच्या बाजूची १,३०० च्या आसपास माणसं गेली, झुलूंचीही प्रचंड हानी झाली. इतक्या आधुनिक बंदुका हातात असताना छावणी पडली कशी, याला एक कारण पुढे कित्येक वर्षं सांगितलं गेलं, आणि ते कारण म्हणजे काडतुसांची पेटी. ही इंग्रज सैनिकांच्या मार्टिनी-हेन्री रायफलच्या काडतुसांची पेटी, महोगनीसारख्या टणक लाकडाची, आतून कथलाच्या पत्र्याचं अस्तर, बाहेरून तांब्याच्या दोन पट्ट्या स्क्रूने घट्ट बसवलेल्या, आत दहा-दहाच्या कागदी पुड्यांमध्ये ६०० काडतुसं. एका गोळीचं वजन ४८० ग्रेन, म्हणजे पेटीत नुसतं शिसंच साडेअठरा किलोच्या वर, बाकी सगळं वेगळंच. तर म्हणे स्क्रू काढायला स्क्रू-ड्रायव्हर पुरेसे नव्हते, पट्ट्या निघता निघेनात, सैनिक गोळ्यांवाचून उभे राहिले आणि मारले गेले. ऐकायला एकदम पटतं. पण ज्यांनी ती पेटी प्रत्यक्ष हातात घेऊन बघितली त्यांना दिसलं की त्या पट्ट्या काढायची गरजच नाहीये. झाकण मधोमध आहे, दोन पट्ट्यांच्या मधे, पाचरीसारखं सरकवून बसवलेलं, आणि ते फक्त एका पितळी स्क्रूवर अडकलेलं आहे. बंदुकीच्या दस्त्याचा किंवा बुटाचा एक सणसणीत दणका कडेला बसला की तो एकटा स्क्रू वाकतो आणि झाकण सरकतं. छावणी पडली ती सैन्य नको तितकं पांगवून ठेवल्यामुळे आणि समोरच्या सैन्याला कमी लेखल्यामुळे, यावरच आता बहुतेक अभ्यासक भर देतात. पेटीवर दोष टाकला की झुलूंच्या डावपेचांना श्रेय द्यावं लागत नव्हतं, हेही त्यात आलं.

एका रिकाम्या लाकडी पेटीमुळे इतका मोठा गैरसमज सैल झाला. मारण्याचं सामान जपणं म्हणजे मारण्याचं कौतुक करणं नव्हे, हे असं एखाद्या उदाहरणाने पटतं, नुसतं “हा इतिहास आहे” म्हणून नाही पटत. तरीही त्यांना दिवाणखान्यात, येता-जाता नजरेला पडेल असं ते नको असेल तर तेही ऐका. संग्रह एका खोलीत, एका कपाटात ठेवला म्हणून त्याचं मोल कमी होत नाही, आणि दोघांचं घर आहे ते. मला तर असं वाटतं की सीलबंद डबा घराबाहेर गेला की त्यांचा निम्म्याहून जास्त विरोध आपोआप विरेल. पण हे मी एका पत्रावरून बोलतेय, तुम्ही त्यांना सरळ विचारा, की जिवंत काडतुसं गेली तर बाकीच्यांचं तुला चालेल का. हा प्रश्न तुम्ही अजून विचारलेलाच नाहीये असं पत्रावरून दिसतंय.

दिरांच्या शंकेकडे येते. आत खडे असले तर, ही शंका चुकीची नाहीये, फक्त उत्तर मिळवायची पद्धत चुकीची आहे. उघडायची गरज नाही, वजन करा. त्या काळच्या बऱ्याच लेबलांवर दारू आणि गोळीचं वजन ग्रेनमध्ये दिलेलं असायचं. तुमच्या डब्यासारख्या .४४ च्या काडतुसात साधारण ४० ग्रेन दारू आणि २०० ग्रेनची गोळी. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. पन्नास गोळ्यांचं शिसं झालं ६५० ग्रॅमच्या आसपास, दारू १३० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पितळ आणि पुठ्ठा धरायच्या आधीच पाऊण किलोच्या वर. डबा आडवा, अलगद, काट्यावर जाड कागद घालून ठेवा. काटा अर्धा किलो दाखवत असेल तर आतलं सामान मूळचं नाही हे सील न तोडताच कळलं. वजन बरोबर आलं तर मात्र लगेच सगळं अस्सल आहे असं समजू नका, वजन जुळवून भरणारेही असतात, पण निदान एक गाळणी लागली.

दुसरी गाळणी लेबलची. चांगलं दहापटीचं भिंग घ्या आणि छपाई बघा. हल्लीच्या प्रिंटरने काढलेल्या नकलेत रंगाचे बारीक एकसारखे ठिपके दिसतात, अक्षरांच्या कडाही ठिपक्यांनी बनलेल्या. जुन्या छपाईत अक्षर म्हणजे सलग शाई, कडेला थोडी दाबलेली. मग अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं घालायला लागले, ती त्या उजेडात निळसर-पांढरी चमकतात. लेबल ट्यूबलाइटसारखं उजळलं तर ते जुनं नाही. नाही उजळलं तर पुढे बघा, कारण जुन्या कोऱ्या कागदावर छापणारेही आहेत.

आणि शब्द वाचा, शब्द सगळ्यात जास्त पकडून देतात. बिनधुराची दारू फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ ला तयार केली आणि ती वापरणारी पहिली लष्करी रायफल १८८६ ची, त्यामुळे ‘स्मोकलेस’ असं छापलेला डबा १८७० च्या दशकातला म्हणून कुणी विकत असेल तर तिथेच थांबा. युनियन मेटॅलिक कार्ट्रिज कंपनी अमेरिकेतल्या ब्रिजपोर्टला १८६७ साली सुरू झाली, पण तिचं नाव रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीसोबत जोडलं गेलं १९१२ मध्ये, म्हणजे कंपनीचं नाव म्हणून दोन्ही नावं एकत्र असलेला डबा एकोणिसाव्या शतकातला असूच शकत नाही. अमेरिकेत बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालायची सक्ती १८९० च्या कायद्याने आली, तेव्हा डब्यावर नुसतं देशाचं नाव दिसलं तर बहुधा त्यानंतरचा, आणि ‘मेड इन’ असं पूर्ण लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा विसाव्या शतकातला. या तारखा एका वहीत लिहून ठेवा, खरेदीच्या वेळी मन उतावीळ झालेलं असतं तेव्हा वही थंड डोक्याने उत्तर देते.

समजा सगळ्या गाळण्यांमधून डबा पार झाला, अस्सल आहे, भरलेला आहे. मग? माझं मत स्पष्ट आहे, तो उघडू नका आणि घरातही ठेवू नका. उघडू नका यासाठी की न उघडलेले डबे आता नव्याने तयार होणार नाहीत, प्रत्येक तोडलेल्या सीलबरोबर जगातून एक कमी होतो, आणि तुम्हाला तर आतल्या वस्तूत रसही नाही. शिवाय आत काय अवस्था असेल सांगता येत नाही. शिसं आणि पुठ्ठा किंवा लाकूड यांचं बंद जागेत वर्षानुवर्षं जमत नाही. लाकडातून, विशेषतः ओकमधून, आणि हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यातून आम्लाच्या वाफा सुटत राहतात आणि त्या शिशाला खातात. झाकण काढलं की गोळ्यांवर पांढरी भुकटी धरलेली दिसते, पिठासारखी, बोटाला लगेच लागणारी, फुंकर मारली की उडणारी. ती शिशाची क्षारं असतात आणि विषारी असतात, लहान मुलांसाठी तर फारच. दिरांनी उत्साहात स्वयंपाकघरातल्या टेबलावर डबा उघडला असता तर खडे निघाले नसते तरी हे निघालं असतं. तुमच्या रिकाम्या डब्यांमध्येही कोपऱ्यात अशी भुकटी साचलेली असू शकते, तेव्हा हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, फुंकर मारून साफ करू नका, नंतर साबणाने हात धुवा आणि जिथे खाता तिथे हे काम करू नका.

घरात का ठेवू नका ते वर आलंच, मुलं आहेत. पण कायद्याचाही भाग आहे. जुन्या काडतुसांचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात. कुठे जुन्या, आता बनत नसलेल्या कॅलिबरला, म्हणजे काडतुसाच्या मापाला, सूट असते, कुठे एक जिवंत काडतूस जवळ असलं तरी परवाना लागतो मग ते आजोबांच्या काळातलं का असेना. रिकाम्या डब्याला सहसा कुणी काही म्हणत नाही, भरलेल्याचं तसं नाही. तुमच्या इथला नियम विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका, शस्त्र परवाने देणाऱ्या खात्याकडून लेखी माहिती घ्या किंवा वकिलाला विचारा. जवळ ठेवायलाच परवाना लागतो असं निघालं तर वकिलाच्या सल्ल्याने तो डबा रीतसर जमा करायची सोय काय आहे ते विचारा. आणि काही झालं तरी तो कुरिअरने किंवा पोस्टाने पाठवू नका, विमानाच्या सामानात तर अजिबात नाही, आणि “जुनी शोभेची वस्तू” असं खोटं लिहून तर मुळीच नाही. हाताळणारी माणसं त्या पार्सलवर काय रचून ठेवतील याची त्यांना कल्पनाच नसते.

नियम परवानगी देत असेल तर विकण्यापेक्षा एक वेगळी वाट सुचवते, अदलाबदल. काडतुसं जमवणारे, परवाना असलेले लोक असतातच, आणि त्यांच्याकडे हमखास रिकामे डबे पडून असतात, कधी कधी अप्रतिम लेबलवाले, ज्यांचं त्यांना फारसं काही नसतं. एका सीलबंद डब्याच्या बदल्यात तुम्हाला तुमच्या संग्रहात शोभतील असे चांगले दोन-चार रिकामे मिळू शकतात. व्यवहार दोघांच्याही कागदपत्रांत बसेल असाच करा. शस्त्रांचा विभाग असलेल्या एखाद्या वस्तुसंग्रहालयाला विचारणं हाही पर्याय आहे, पैसे मिळतीलच असं नाही पण डबा नीट जपला जाईल. कुणी म्हणेल की परवानाधारक कारागिराकडून सील उघडून काडतुसं निकामी करून घ्या आणि डबा ठेवा. होतं तसं, पण एकाच डब्यापायी इतका उपद्व्याप करून सीलही गमावण्यात मला काही मजा दिसत नाही.

काहीही ठरलं तरी डबा हातातून जायच्या आधी सहाही बाजूंचे फोटो काढा, एक पट्टी शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. वजन, मापं, लेबलवरचा सगळा मजकूर, कुणाकडून कधी घेतला, सगळं लिहून ठेवा. अभ्यासाला ते पुरतं.

आता त्या लाकडी पेटीचं. ताई, इथेही तुम्ही एक पायरी गाळताय, नवी अक्षरं म्हणजे पेटी नकली असं नसतं. पेटी जुनी आणि अक्षरं नंतर कुणीतरी उजळवलेली असंही होतं, आणि पेटी आणि अक्षरं दोन्ही नवी असंही होतं, आणि यात खूप फरक आहे. भिंग घेऊन एखादा खोल ओरखडा शोधा जो अक्षरावरून गेलाय. ओरखडा रंगाला कापत गेला असेल तर रंग ओरखड्याच्या आधीचा. रंग ओरखड्याच्या खाचेत उतरला असेल तर रंग नंतर चढवलाय. मग सुतारकाम बघा. प्लायवुड दिसलं तर विषय संपला. फुलीच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्सचे स्क्रू १९३० च्या दशकात आले, तेव्हा ते असतील तर एक तर पेटी नंतरची किंवा दुरुस्ती नंतरची, स्क्रूच्या भोवतीचं लाकूड किती काळवंडलंय त्यावरून यातलं कुठलं ते ठरतं. खिळे चौकोनी कापीव असतील तर ते जुनेपणाकडे बोट दाखवतात, गोल तारेचे खिळे १८९० च्या सुमारास सर्रास झाले. झाकण उघडून आतली बाजू बघा, जुनं लाकूड आतून आणि बाहेरून एकाच रंगाचं कधी नसतं. सगळीकडे सारखाच तपकिरी असेल तर तो चहा किंवा डाग देऊन आणलेला रंग. आणि ज्या भागावर हात लागतो, कडा, दोरीची भोकं, तिथे झीज असते, सपाट मधल्या भागावर नसते. जुनेपणा आणायला साखळीने बडवलेल्या पेटीवर जखमा नको तिथे असतात.

यात पेटी नापास झाली तर विकणाऱ्याला फोटोंसह लेखी विचारा, ही या काळातली आहे हे तुम्ही कशावरून म्हणालात. आरोप करू नका, नुसतं विचारा. पुष्कळदा त्यालाही पुढच्याने तसंच सांगितलेलं असतं आणि प्रामाणिक माणूस परत घेतो. नाही घेतली तर नुकसान सोसा, पण ती पेटी पुढे जुनी म्हणून कुणाला विकू नका. झाकणाच्या आत पेन्सिलीने बारीक अक्षरात “नंतरची नक्कल” असं लिहा आणि शेजारी ठेवायला, तुलना करायला म्हणून ठेवून द्या, खरी पेटी ओळखायला ती फार शिकवते.

बाकी रिकामे डबे जपायचं थोडक्यात सांगते, हे सगळ्यांनाच उपयोगी आहे. थेट ऊन नको, लेबलवरचे हिरवे-लाल रंग उडतात ते परत येत नाहीत. आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम, निदान तिच्यात रोज चढउतार नको. आत चुरगळलेला ॲसिड-फ्री टिश्यू घालून डब्याला आकार द्या, वर्तमानपत्र कोंबू नका. सेलोटेप, लॅमिनेशन, पीव्हीसीच्या पिशव्या या तिघांनी जितके डबे खराब केलेत तितके कसरीने केले नसतील. सुटलेलं लेबल घरच्या गोंदाने चिकटवू नका, पॉलिस्टरच्या पाकिटात डब्यासोबत ठेवा. लाकडी पेटीखाली पिवळा बारीक भुसा पडलेला दिसला तर भुंगा लागलाय, ती पेटी लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा. पितळी स्क्रू घासून चकचकीत करू नका.

आणि एक यादी करा, जी मिस्टरांना माहीत असेल, कुठे ठेवलीये तेही माहीत असेल. प्रत्येक डब्यापुढे लिहा, रिकामा, तपासलेला. असा संग्रह कधी ना कधी दुसऱ्या कुणाच्या हातात जातोच, आणि त्यांना घाबरून सगळा एका दिवसात भंगारात द्यावा लागू नये. यादी दोघांनी बसून केलीत तर जास्त बरं, एकेक डबा उघडून तो रिकामा आहे हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की बोलणं पुष्कळ सोपं होईल, आणि कोण जाणे, तळाला पेन्सिलीने केलेली ती आकडेमोड कसली असेल यावर तेही डोकं लावायला बसतील.